‘कशावरून?’ हा प्रश्न आणि प्रवेश परीक्षेतील तर्क

स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाने संस्थेच्या वाटचालीवर लिहावे, अशी संपादक मंडळाची स्वाभाविक अपेक्षा होती. ते काम माझ्याहून अधिक अधिकारी मंडळी करतीलच. मी मात्र एका चुकीविषयी लिहिणार आहे. ती चूक माझी स्वतःची आहे, आणि तिच्यातून जे उमगले ते माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव यांच्यापुढे मांडणे मला अगत्याचे वाटते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमासाठी सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. वसतिगृहातील सात-आठ मुले-मुली तिची तयारी करीत होती. सायंकाळची वंदना आटोपल्यावर मी त्यांना तासभर तर्कविचाराचे प्रश्न सोडवायला देत असे. त्या दिवशीच्या सराव प्रश्नपत्रिकेत नातेसंबंधावरचा एक प्रश्न होता : अशोक हा सुमनचा मुलगा. दत्ता हा सुमनचा सख्खा भाऊ. रेखा ही दत्ताची एकुलती एक मुलगी. तर रेखाचा नवरा अशोकचा कोण? पर्याय चार होते : भाऊ, मेहुणा, मामा, भाचा.

सर्वांनी ‘मेहुणा’ लिहिले. एक मुलगी मात्र पेन हातात धरून बसून राहिली. विचारले तेव्हा म्हणाली, “सर, रेखाचा नवरा अशोकच असला तर? किंवा अशोकचा भाऊ असला, तर पहिला पर्याय बरोबर येतो.” वर्ग हसला. मीही हसलो. आणि म्हणालो, “एवढा विचार करू नकोस. मेहुणा लिही आणि पुढे चल.”

रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य मला टोचू लागले. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्या महाराष्ट्रातील कितीतरी समाजांत आहे. त्या मुलीचे स्वतःचे आईवडील आते-मामे भावंडे आहेत, हे मला ठाऊक होते. तिच्या घरात मामा आणि सासरा हे एकच माणूस असू शकते. प्रश्न काढणाऱ्याने जे न सांगता गृहीत धरले होते, ते तिने नेमके हेरले होते. तिचा विचार प्रश्नकर्त्याच्या विचाराहून अधिक काटेकोर होता. आणि ज्या संस्थेच्या प्रवेशद्वारी ‘अत्त दीपो भव’ कोरलेले आहे, त्या संस्थेतील शिक्षकाने तिला सांगितले, एवढा विचार करू नकोस!

आज असे प्रश्न आपल्या मुलांच्या वाटेवर पावलोपावली उभे आहेत. जवाहर नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० प्रश्न आणि १०० गुण असतात. त्यांतले ४० प्रश्न आणि ५० गुण, म्हणजे निम्मे, केवळ मानसिक क्षमता चाचणीचे, तेही आकृत्यांचे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या ‘क्लॅट’ परीक्षेत १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवायचे. सुमारे पाचवा हिस्सा तर्कविचाराचा. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. आणि सगळी परीक्षा इंग्रजीत. राज्याच्या विधी प्रवेश परीक्षेतही तर्काचा स्वतंत्र विभाग आहे. दहा वर्षांच्या मुलापासून अठरा वर्षांच्या मुलीपर्यंत प्रत्येकाला कोणत्या ना कोणत्या दारात हा पहारेकरी भेटतोच.

याविषयी आपल्या समाजात दोन मते ऐकू येतात. चळवळीतील काही ज्येष्ठ म्हणतात, ही सगळी चाळणी आपल्याला बाहेर ठेवण्यासाठी लावलेली आहे. तिच्या मागे धावण्यात अर्थ नाही. दुसरीकडे अनेक पालक पोटाला चिमटा काढून मुलांना शहरातल्या क्लासला घालतात. तिथे ‘अमुक शब्द दिसला की तमुक पर्याय’ अशा युक्त्या पाठ करून घेतल्या जातात. मला ही दोन्ही मते अपुरी वाटतात.

पहिल्या मताला इतिहासाचा आधार नाही, असे मात्र कोणी समजू नये. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी बुद्धिमापनाची पहिली मोजपट्टी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या, विशेष मदतीची गरज असलेल्या मुलांना ओळखणे एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतःच ठरलेली आणि न वाढणारी वस्तू आहे, हे मत बिने यांना मान्य नव्हते. परंतु हीच मोजपट्टी अमेरिकेत गेली आणि तिचा अर्थ उलटला. पहिल्या महायुद्धात तेथे लक्षावधी सैनिकांच्या चाचण्या घेण्यात आल्या. त्या आकड्यांवरून कार्ल ब्रिगहॅम यांनी १९२३ मध्ये एक ग्रंथ लिहिला आणि काही वंश बुद्धीनेच श्रेष्ठ व काही कनिष्ठ असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच ब्रिगहॅम यांच्या देखरेखीखाली १९२६ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशाची ‘सॅट’ ही परीक्षा सुरू झाली. पुढे १९३० मध्ये त्यांनी स्वतःच लिहून कबूल केले की, आपले वंशविषयक निष्कर्ष निराधार होते. इंग्रजी भाषेशी आणि अमेरिकन जीवनाशी किती परिचय आहे हे त्या चाचण्यांत मिसळून गेले होते. चूक कबूल झाली. परीक्षा मात्र राहिली.

आपल्याकडेही बिने यांची चाचणी आली. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी तिची पुनर्रचना करून १९४० मध्ये त्यावरचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. म्हणजे परक्या भाषेतील प्रश्न जसेच्या तसे आपल्या मुलांना लावता येत नाहीत, ही जाणीव येथील अभ्यासकांना इतक्या लवकर झाली होती. ‘अंकल’ हा एकच शब्द लिहिणाऱ्याला काका, मामा, आतोबा आणि मावसा यांतला फरक उत्तरासाठी किती महत्त्वाचा आहे, हे कसे कळावे?

तेव्हा संशय योग्य आहे. परंतु ‘ही परीक्षा सदोष आहे’ या विधानावरून ‘म्हणून आपण तिची तयारी करू नये’ हा निष्कर्ष निघत नाही. मधली एक पायरी गाळलेली आहे. ती पायरी अशी की, सदोष गोष्ट शिकण्यात काहीच लाभ नसतो. हे गृहीतक मला मान्य नाही. ते का मान्य नाही, हे सांगण्यासाठी अशा प्रश्नांत नेमके काय मागितलेले असते ते पाहिले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. दोन विधाने दिली आहेत : सर्व शेतकरी कष्टाळू आहेत. काही कष्टाळू माणसे गरीब आहेत. निष्कर्ष : म्हणून काही शेतकरी गरीब आहेत. हा निष्कर्ष निघतो का? आमच्या वर्गातील बहुतेक मुले ‘निघतो’ असे लिहितात. का लिहितात? कारण त्यांचे आईवडील शेतात राबतात, आणि गरिबी त्यांनी पाहिलेली आहे. निष्कर्ष खरा आहे हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. परंतु प्रश्न ‘खरे काय’ असा नसून ‘दिलेल्या दोन वाक्यांतून काय निघते’ असा आहे. फळ्यावर वर्तुळे काढली की उलगडा होतो. शेतकऱ्यांचे लहान वर्तुळ कष्टाळूंच्या मोठ्या वर्तुळात पूर्णपणे बसते. गरिबांचे वर्तुळ कष्टाळूंच्या वर्तुळाला छेदते; पण ते शेतकऱ्यांच्या वर्तुळाला स्पर्शही न करता दुसऱ्या बाजूने छेदू शकते. कष्टाळूंपैकी जे गरीब आहेत ते सगळे हमाल असू शकतात, विणकर असू शकतात. म्हणून निष्कर्ष खरा असला तरी या दोन वाक्यांतून निघत नाही. ‘खरे आहे, पण यातून निघत नाही’, हे एक वाक्य ज्या मुलाला मनापासून पटले, त्याचे निम्मे काम झाले.

दुसरे उदाहरण वसतिगृहातलेच देतो. घंटा वाजली की भोजनगृह उघडते. भोजनगृह उघडे आहे. म्हणून घंटा वाजली असली पाहिजे. हेही निघत नाही. पाहुणे आल्यामुळे भोजनगृह आधीच उघडले असेल. उलट, भोजनगृह बंद आहे, म्हणून घंटा वाजलेली नाही, हे मात्र निश्चितपणे निघते. ‘जर-तर’च्या बहुसंख्य प्रश्नांचे मर्म एवढेच आहे : वाक्य सरळ उलटे फिरवता येत नाही, उलटवताना दोन्ही बाजूंना नकार जोडावा लागतो.

हे ज्ञान पाश्चात्त्य पुस्तकांतून आलेले आहे, असा समज असेल तर तो दूर करावा. बौद्ध आचार्य दिङ्नाग आणि त्यांच्यानंतर धर्मकीर्ती यांनी अनुमानाचे शास्त्र घडवले. धुरावरून अग्नीचे अनुमान हा भारतीय तर्कपरंपरेतील नेहमीचा दाखला. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. दिङ्नागांनी चांगल्या हेतूच्या तीन कसोट्या सांगितल्या. ज्याविषयी बोलतो आहोत त्या ठिकाणी तो हेतू असला पाहिजे, म्हणजे डोंगरावर धूर खरोखरच असला पाहिजे. जिथे साध्य आहे अशा दुसऱ्या ठिकाणी तो आढळला पाहिजे, जसा स्वयंपाकघरात. आणि जिथे साध्य नाही तिथे तो कधीच आढळता कामा नये, जसा सरोवरात. आता हेच उलटे करून पाहा : अग्नी आहे, म्हणून धूर असलाच पाहिजे. येथे तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा आडवा येतो. त्यात अग्नी आहे, धूर नाही. अशा फसव्या हेतूला आपले पूर्वाचार्य अनैकांतिक म्हणत. आमच्या वसतिगृहाची घंटा आणि त्यांचा लोखंडी गोळा ही एकाच धड्याची दोन उदाहरणे आहेत. नालंदेसारख्या विद्यापीठांत ज्याचा अभ्यास होत असे, ते आज चार पर्यायांच्या रूपाने आपल्या मुलांपुढे आले तर ते परके मानण्याचे कारण नाही.

तिसरा प्रकार गृहीतक ओळखण्याचा. एक युक्तिवाद दिलेला असतो आणि त्यात न बोलता काय धरून चालले आहे, हे विचारलेले असते. याचा वस्तुपाठ बाबासाहेबांच्या लेखनात जितका मिळतो तितका कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात मिळणार नाही. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि अधिवेशनच रद्द झाल्यामुळे १९३६ मध्ये त्यांनी स्वतः प्रसिद्ध केलेले ‘जातिनिर्मूलना’चे भाषण घ्या. जातीचे समर्थक म्हणत : प्रत्येक सुधारलेल्या समाजाला श्रमविभागणीची गरज असते, जातिव्यवस्था ही श्रमविभागणी आहे, म्हणून जातिव्यवस्थेत गैर काही नाही. बाबासाहेबांनी पहिल्या विधानाशी भांडण केले नाही. त्यांनी दुसऱ्या विधानावर बोट ठेवले. जात ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. ती माणसांना एकावर एक अशा पायऱ्यांवर बांधते, आणि व्यक्तीची आवड वा कुवत न पाहता जन्मावरून काम ठरवते. दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देऊन युक्तिवाद उभा केला होता. ते नाव सोडवून घेताच तो कोसळला. क्लॅटच्या उताऱ्याखाली जे विचारतात ते याहून निराळे काय असते?

म्हणून मी म्हणतो की, ही परीक्षा नसती तरी हे शिक्षण आपल्या मुलांना द्यावेच लागले असते. आपल्याविषयी शतकानुशतके जे बोलले गेले, त्यातले बरेचसे चुकीच्या अनुमानांवर उभे होते. ‘यांच्यात विद्वान झाले नाहीत, म्हणून यांना बुद्धी नाही’, या वाक्यातील गाळलेली पायरी आमच्या आजोबांना दाखवून देता आली नाही; कारण शाळेची पायरीच त्यांना चढू दिली नव्हती. आज कोणी ‘याला गुण कमी, म्हणून हा कमी कुवतीचा’ म्हणाले, तर ‘कशावरून?’ असे शांतपणे विचारता येणे हे प्रवेशपत्राहून कमी मोलाचे नाही.

आता आपली मुले अडखळतात कुठे, हे अनुभवाने सांगतो. पहिली अडचण वर आलीच : ती वाक्यात स्वतःचे आयुष्य मिसळतात. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फक्त दोन गोष्टी वेगळ्या ठेवण्याची सवय लावावी लागते. मी आता मुलांना वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगतो. डावीकडे ‘दिलेले’, उजवीकडे ‘मी घातलेले’. पहिल्या महिन्यात उजवी बाजू भरून जाते; हळूहळू ती रिकामी होऊ लागते. दुसरी अडचण भाषेची. ‘काही’, ‘सर्व’, ‘फक्त’, ‘किमान’, ‘जोपर्यंत नाही तोपर्यंत’ या शब्दांचा काटेकोर अर्थ मराठीतच पक्का नसेल तर इंग्रजीत तो होणार नाही. ‘काही’ म्हणजे ‘निदान एक, कदाचित सर्वसुद्धा’, हे ऐकून मुले चकित होतात. तिसरी अडचण घड्याळाची. एका प्रश्नाला एक मिनिट असताना पाच मिनिटे थांबणे म्हणजे पुढचे चार प्रश्न सोडून देणे. शंका आली तर प्रश्नापुढे खूण करावी, प्रश्नकर्त्याला अपेक्षित असलेले उत्तर लिहावे आणि पुढे जावे. ती शंका घरी आणावी. त्या मुलीला मी हे सांगायला हवे होते. ‘विचार करू नकोस’ आणि ‘हा विचार संध्याकाळी करू’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

चौथी अडचण सर्वांत जुनी आहे आणि ती मुलांची नसून आपली आहे. आपल्या मुलाला उत्तर आले नाही की, ‘आपल्याला हे जमायचे नाही’, असे आपणच पुटपुटतो. आकृत्यांचे, मालिकांचे, दिशांचे प्रश्न ज्यांच्या घरात लहानपणापासून खेळासारखे सोडवले जातात, त्यांचा वेग पहिल्या दिवशी जास्त असणारच. पोहता येणे ही जशी नदीकाठच्या माणसाची जन्मजात देणगी नसते, तसेच हे आहे. सराव मिळाला की अंतर कमी होते, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

युक्त्यांविषयीही एक शब्द. क्लासमधील युक्ती प्रश्नाचा साचा ओळखीचा असेपर्यंत चालते. साचा बदलला की मूल उघडे पडते. शिवाय युक्तीने मिळालेले उत्तर मुलाला दुसऱ्यापुढे मांडता येत नाही, आणि उद्या वकील होऊन न्यायालयात उभे राहायचे असेल तर मांडणी हीच त्याची खरी पुंजी असणार आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला आधीच बजावतात की, संवाद विद्वानांसारखा होणार असेल तर मी बोलेन, राजांसारखा होणार असेल तर नाही. कारण विद्वानांच्या चर्चेत चूक दाखवली तरी कोणी रागावत नाही. औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी त्याच मिलिंदाचे नाव दिले. वर्गात शिक्षक राजा होऊन बसला की तर्क संपतो. मी त्या संध्याकाळी राजा झालो होतो.

आणि तर्काची मर्यादाही मुलांना सांगितली पाहिजे. कालाम सुत्ताचा दाखला आपण वारंवार देतो. ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथ यांवर केवळ म्हणून विश्वास ठेवू नका, असा त्याचा आशय आपण सांगतो. पण त्या यादीत नुसता तर्कही आहे, हे आपण सांगायला विसरतो. तर्काने एखादी गोष्ट जुळते एवढ्यावरून ती स्वीकारू नये. तिच्यामुळे आपले आणि इतरांचे हित होते की अहित, हे स्वतः पारखावे, असे तथागतांनी कालामांना सांगितले. १२० पैकी ११० गुण मिळवणाऱ्या मुलाला शेजारच्या खाटेवरच्या आजारी मित्राची विचारपूस करावीशी वाटली नाही, तर आपली शाळा अनुत्तीर्ण झाली असे मी समजेन.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. दर शनिवारी वंदनेनंतर अर्धा तास ‘कशावरून?’ या नावाने पाचवीपासून बारावीपर्यंत सर्वांसाठी राखून ठेवावा. रोज एक प्रश्न पुष्कळ. पण त्याचे उत्तर मुलाने उभे राहून कारणासह सांगावे. आणि जे माजी विद्यार्थी वकील, अभियंते, प्राध्यापक, लेखापाल झाले आहेत, त्यांनी वर्षातून एक रविवार यासाठी द्यावा. देणगीची पावती आपण आदराने देतोच. परंतु आपल्याच बाकावर बसून गेलेला माणूस फळ्यापुढे उभा राहतो, तेव्हा मुलांच्या मनातील ‘आपल्याला जमायचे नाही’ हे वाक्य आपोआप गळून पडते.

त्या मुलीला हवे ते महाविद्यालय मिळाले नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या विधी महाविद्यालयात ती आता शिकते आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीआधी ती भेटायला आली, तेव्हा मी सातवीच्या वर्गापुढे तिची क्षमा मागितली आणि खडू तिच्या हाती दिला. तिने तोच प्रश्न फळ्यावर लिहिला, पण एक वाक्य वाढवून : ‘अशोक हा सुमनचा एकुलता एक मुलगा असून तो अविवाहित आहे.’ मग म्हणाली, “आता सांगा.” मुले ‘मेहुणा’ म्हणून ओरडली. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र उभा राहिला. “ताई, सुमनला आणखी बहीण असली आणि तिच्या मुलाशी रेखाचं लग्न झालं असलं तर? तो अशोकचा मावसभाऊ झाला.” तिने हसून आणखी एक वाक्य लिहिले : ‘सुमन आणि दत्ता ही दोनच भावंडे आहेत.’

प्रश्न अजूनही पुरता बंद झालेला नव्हता. अशोकचा चुलतभाऊ राहिलाच होता. ते माझ्या लक्षात आले. पण मी बोललो नाही. मुलांना रविवारपर्यंत मुदत दिली.